जिनिंगसाठी मायक्रोग्रिड : लाईन गेल्यावर नेमकं काय आणि किती वेळ चालू ठेवायचं?

कपाशीपट्टा (हा चर्चेचा धागा सुरू करणारा; पुढेही प्रत्येक पोस्टच्या वर सदस्याचं नाव आहे)

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगचं (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना) वीजनियोजन करायचं आहे. लाईन, म्हणजे महावितरणचा पुरवठा, गेल्यावरही आवारातली वीज चालू ठेवणारा मायक्रोग्रिड हवा आहे. जाणकारांची मतं हवीत. आकडे असे :

डीआर (डबल रोलर, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणारं) मशीन २४, प्रत्येकी ५ एचपी. सक्शन पंखे, कन्व्हेयर, प्री-क्लीनर मिळून ६० एचपी. प्रेसचे दोन हायड्रॉलिक पंप, प्रत्येकी ४० एचपी. वजनकाटा, ऑफिस, दिवे, कॅमेरे, बोअर मिळून १० ते ११ किलोवॅट. सगळं एकत्र चालतं तेव्हा मीटरवर १५० ते १६० किलोवॅट दिसतात. ११ केव्हीचं कनेक्शन, कॉन्ट्रॅक्ट डिमांड (महावितरणकडे मंजूर भार) २२० केव्हीए, स्वतःचा २५० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, २५० केव्हीएचा डीजी (डिझेल जनरेटर).

दोन पुरवठादारांचे प्रस्ताव आलेत. एक म्हणतो, दीडशे किलोवॅट सोलर लावा, लाईन गेली तरी दिवसा जिनिंग सोलरवर चालेल. दुसरा म्हणतो, ५०० युनिटची बॅटरी घ्या आणि डीजी विकून टाका. दोघांचंही पटत नाही, पण कुठे चुकतंय ते नीट मांडता येत नाहीये.

अर्थिंग पहिले

पहिल्याचं म्हणणं सरळ चूक आहे, त्यामुळे ते आधी मोडीत काढतो. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाईनच्या व्होल्टेजचा आधार घेऊन चालतो. लाईन गेली की त्याने दोन सेकंदांच्या आत बंद व्हायचं असतं. ही सक्ती लाईनमनच्या जिवासाठी आहे. फीडर (सबस्टेशनवरून येणारी वीजवाहिनी) बंद करून कोणी खांबावर चढलेला असताना तुमच्या छतावरून ट्रान्सफॉर्मरमार्गे उलटी वीज ११ केव्हीवर गेली तर माणूस जातो. त्यामुळे नुसतं सोलर लावलं आणि भर दुपारी, कडक उन्हात फीडर ट्रिप झाला, तर जिनिंग बंद आणि सोलरही बंद.

लाईन नसताना चालायचं असेल तर कोणीतरी ४१५ व्होल्ट आणि ५० हर्ट्झ स्वतः तयार करून धरून ठेवावे लागतात. ते काम डीजी करतो किंवा बॅटरीवरचा ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर करतो. सोलर त्याच्या मागून चालतं. प्रस्तावात 'ग्रिड-फॉर्मिंग', 'आयलँड मोड' (लाईनपासून तुटून आवार स्वतःच्या विजेवर चालणं) आणि 'ब्लॅक स्टार्ट' (सगळं बंद असताना स्वतःहून सुरू होणं) हे तीन शब्द लेखी नसतील, तर तो मायक्रोग्रिड नाही, बिल कमी करायचं सोलर आहे. तेही उपयोगाचं असतं, पण त्याने लाईन गेल्याचा प्रश्न सुटत नाही.

डिझेल हिशेब

काही विकत घेण्याआधी एक रजिस्टर हवं. लाईन किती वाजता गेली, किती वाजता आली, त्या वेळी काय चालू होतं. मागचा पूर्ण हंगाम मिळाला तर उत्तम. एचटी (उच्चदाब) मीटरचा लोड सर्व्हे (वेळेनुसार भाराची नोंद) डाउनलोड करता येतो. त्यात लोड शून्यावर गेलेले टप्पे दिसतात. महावितरणच्या उपविभागात रीतसर अर्ज केला तर फीडरच्या ट्रिपिंगची माहितीही मागता येते.

ग्रामीण ११ केव्ही फीडरवर दोन प्रकार निघतात. पहिला, मिनिटभर ते पाच-दहा मिनिटांची ट्रिपिंग : फांदी लागली, इन्सुलेटर ओला झाला, पक्षी चिकटला. दुसरा, तासन् तास : जंपर (खांबावरची जोडतार) तुटला, खांब पडला, केबल फुटली. पहिल्याची संख्या जास्त, दुसऱ्याचे तास जास्त. बॅटरी पहिल्यासाठी, डीजी दुसऱ्यासाठी. हे दोन आकडे वेगळे काढल्याशिवाय बॅटरी किती युनिटची घ्यायची याचं उत्तर कोणीही देऊ शकत नाही. जो पुरवठादार हे न विचारता ५०० युनिट म्हणतो, तो त्याच्याकडे असलेला माल सांगतोय.

छोट्या ट्रिपिंगचं खरं नुकसान मिनिटांत मोजू नका. डीआर मशीन भरल्या अवस्थेत थांबलं की रोलर आणि चाकूमध्ये कापूस अडकतो, कन्व्हेयर तुंबतात, सगळं मोकळं करून एकेक मोटर पुन्हा उचलावी लागते. लाईन दोन मिनिटं जाते आणि त्यामागे वीस-पंचवीस मिनिटांचं काम खोळंबतं.

कपाशीपट्टा

रजिस्टर आजपासून सुरू करतो, लोड सर्व्हेही काढून घेतो. तोवर ढोबळ मोजमाप तरी सांगता येईल का?

डिझेल हिशेब

लोडचे तीन गट करा.

पहिला गट, जाऊच नये असा : वजनकाटा, ऑफिस, दिवे, कॅमेरे, बोअर, कंट्रोल पॅनल, बॅटरीचा एसी. साधारण १५ किलोवॅट. फायर पंप या गटात धरू नका. त्याचा पुरवठा पूर्ण वेगळा ठेवा, शक्यतो डिझेलवर चालणारा पंप घ्या, कारण आग लागल्यावर पहिलं काम मेन बंद करण्याचं असतं.

दुसरा गट, १२ डीआर मशीनची एक रांग आणि तिचे पंखे-कन्व्हेयर. ६० अधिक ३० म्हणजे ९० एचपी, ६७ किलोवॅट. मोटरी ८० टक्क्यांच्या आसपास चालतात असं धरलं तर ५४.

तिसरा गट, प्रेस आणि मशीनची दुसरी रांग. हे लाईनवर किंवा डीजीवरच.

आयलँडमध्ये पहिला आणि दुसरा गट मिळून ७० किलोवॅट. १०० किलोवॅट-२०० युनिटची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी घेतली आणि त्यातली ८५ टक्के वापरली, तर १७० युनिट. इन्व्हर्टरचा तोटा वजा जाता रात्री सव्वादोन तास मशीनची एक रांग चालते. डिसेंबरात दुपारी १५० किलोवॅट पीकचं सोलर १०० ते ११० किलोवॅट देतं, म्हणजे लोड भागून वर तीस-चाळीस किलोवॅट बॅटरीत. दुपारी लाईन गेली तर साडेचार-पाचपर्यंत डीजीला हात लावावा लागत नाही.

मंगळवारचा बाजार

भाऊ, आमच्या गावाजवळच्या सबस्टेशनले लागून सोलरचा मोठ्ठा प्लांट झाला, सौर कृषी वाहिनी योजनेतला. मंग आता दिवसा लाईन जाणारच नाई असं समजाचं का? जिनिंगचं फीडरई त्याच सबस्टेशनवरून निघते.

अर्थिंग पहिले

नाही भाऊ. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीतला प्लांट सबस्टेशनच्या बसला वीज देतो, शेतीच्या फीडरला दिवसा पुरवठा व्हावा म्हणून. त्याचे इन्व्हर्टरही लाईनच्या आधारानेच चालतात. वरची ३३ केव्ही गेली की तो प्लांटही त्याच क्षणी बंद. आणि सबस्टेशन ते जिनिंग या अंतरात जंपर तुटला तर सबस्टेशनमध्ये कितीही वीज असून तुमच्या गेटवर अंधारच. मायक्रोग्रिडची हद्द तुमच्या आवारापुरती असते आणि ती एका ब्रेकरने ठरते. तो ब्रेकर उघडला की आतलं सगळं स्वतःच्या पायावर.

रोटर

प्रेसला तिसऱ्या गटात टाकलं ते बरोबर. त्यामागचं गणित देतो, कारण बहुतेक आयलँड इथेच बसतात.

४० एचपी मोटरचा पूर्ण लोडचा करंट ४१५ व्होल्टवर ५५ अँपिअरच्या आसपास, म्हणजे जवळपास ४० केव्हीए. थेट स्टार्ट केली तर सहापट, २३५ केव्हीए. स्टार-डेल्टाने (मोटर आधी कमी व्होल्टेजवर उचलण्याची पद्धत) त्याचा एक तृतीयांश, ८० केव्हीएच्या आसपास. १०० केव्हीएचा बॅटरी इन्व्हर्टर आधीच ७० किलोवॅट ओढतोय, त्यावर ८० चा झटका आला की व्होल्टेज खचतं, कॉन्टॅक्टर (मोटरचे विद्युत स्विच) सुटतात, मशीनची सगळी रांग बसते. शिवाय स्टारमधून डेल्टात जाताना एक क्षणिक झटका येतो तो वेगळाच. ड्राइव्ह (मोटरचा वेग हळूहळू वाढवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावला तर मोटर पूर्ण लोडच्या एक ते दीडपटीतच उचलते.

म्हणून : सक्शन पंखा आणि दुसऱ्या गटातली १५ एचपीवरची प्रत्येक मोटर ड्राइव्हवर किंवा निदान सॉफ्ट स्टार्टरवर घ्या. डीआर मशीन ५ एचपीची आहेत, पण बाराही एकदम उचलू नका. दोन-दोन मशीन, मध्ये तीन-चार सेकंदांचं अंतर. पीएलसी (मोटरींचा क्रम सांभाळणारा कंट्रोलर) नसेल तर साधे टायमर लावूनही होतं. ड्राइव्हमुळे हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतली विकृती) वाढतात, तेव्हा पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँक साधी ठेवू नका, ७ टक्के रिॲक्टरसह घ्या.

आणखी एक. मेन पॅनलमध्ये कायमचे जोडलेले कपॅसिटर असतील तर ते आयलँड होताना आपोआप सुटले पाहिजेत. थोड्या लोडवर जास्तीचे कपॅसिटर राहिले की व्होल्टेज वर चढतं आणि इन्व्हर्टर ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो. कारण सापडता सापडत नाही, कारण तक्रार 'बॅटरी बंद पडते' अशीच येते.

अर्थिंग पहिले

आता माझ्या नावाचा विषय. प्रस्तावांमध्ये सोलरच्या प्लेटांचा ब्रँड चार ओळींत असतो आणि प्रोटेक्शनबद्दल 'ॲज पर स्टँडर्ड' एवढंच. खरा धोका तिथे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

२५० केव्हीए ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण लोडचा करंट ३४८ अँपिअर. इम्पीडन्स (ट्रान्सफॉर्मरचा अंतर्गत अडथळा) साडेचार टक्के धरलं तर त्याच्या टोकाशी शॉर्ट झाल्यावर साडेसात हजार अँपिअरच्या पुढे करंट जातो. १२५ अँपिअरचा एमसीसीबी (आतल्या केबलचा ब्रेकर) आठ-दहापटीला, म्हणजे हजार-बाराशेला तडक सुटतो. सगळं ठीक.

आता लाईन गेली, आयलँड झाला. १०० केव्हीएच्या बॅटरी इन्व्हर्टरचा पूर्ण करंट १३९ अँपिअर, आणि शॉर्ट झाला तरी तो सव्वा ते दीडपटीच्या वर देतच नाही. १७० ते २१०. तोच एमसीसीबी हजार अँपिअरची वाट पाहत बसतो. केबल जळत असते, ब्रेकर जागचा हलत नाही. काही क्षणांनी इन्व्हर्टर स्वतः अंडरव्होल्टेजवर बंद होतो आणि सगळं आवार काळोखात जातं. आतल्या कोणत्या फीडरला (पॅनलमधून निघणाऱ्या केबल-शाखेला) फॉल्ट होता ते कळत नाही, ऑपरेटर पुन्हा स्टार्ट करतो, पुन्हा तेच. हे सगळं रुई आणि सरकीच्या शेजारी.

उपाय एकच एक नाही, तीन-चार मिळून करावे लागतात. दुसऱ्या गटाचे फीडर लहान करा : एका १२५ अँपिअरऐवजी ३२ आणि ४० चे अनेक, म्हणजे थोड्या करंटवरही थर्मल ट्रिप (तापून ब्रेकर सुटणं) लवकर येतो. मोठ्या फीडरला इलेक्ट्रॉनिक रिलीजचे ब्रेकर घ्या, ज्यात सेटिंगचे दोन संच ठेवता येतात, एक लाईनसाठी, एक आयलँडसाठी. प्रत्येक फीडरला अर्थ लीकेज रिले (जमिनीत गळणारा करंट ओळखणारा) द्या; सुरुवात ३०० मिलीअँपिअरने करा, ड्राइव्हवाल्या फीडरला ड्राइव्हसाठी चालणाऱ्या प्रकारचाच घ्या, नाहीतर उगाच सुटत राहील. आणि पुरवठादाराकडून आयलँड मोडमधला शॉर्ट सर्किट करंट लेखी मागा. तो आकडा ज्याला देता येत नाही, त्याच्याकडून बॅटरी घेऊ नका.

दुसरं, न्यूट्रल. आवाराचा मुख्य ब्रेकर चार पोलचा असेल तर तो उघडताच ट्रान्सफॉर्मरच्या अर्थ केलेल्या न्यूट्रलशी संबंध तुटतो. आतला न्यूट्रल तरंगता राहतो. मग फेज बॉडीला लागला तरी परतीची वाट नसते, लीकेज रिले गप्प राहतो आणि असमान लोडमुळे एखाद्या फेजवर २७०-२८० व्होल्ट जाऊन कॅमेरे-काँप्युटर जळतात. म्हणून आयलँड होताच आतला न्यूट्रल अर्थला जोडणारा कॉन्टॅक्टर लागतो, आणि लाईन परत जोडण्याआधी तो सुटला पाहिजे. दोन्ही ठिकाणी न्यूट्रल अर्थला राहिला तर न्यूट्रलचा करंट जमिनीतून फिरतो आणि लीकेज रिले विनाकारण सुटतात. डीजीच्या न्यूट्रललाही हाच नियम.

तिसरं, काळी माती. पावसाळ्यात ओल असते तेव्हा अर्थिंगचं माप सुरेख येतं. एप्रिल-मेमध्ये माती भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि तोच पिट (अर्थिंगचा खड्डा) कितीतरी जास्त रेझिस्टन्स दाखवतो. त्यामुळे कमिशनिंगचं ऑगस्टमधलं माप ग्राह्य धरू नका. मेमध्ये मोजा. इलेक्ट्रोड मुरमाच्या खाली ओल टिकते तिथपर्यंत न्या आणि पिटांची रिंग करा.

संत्रापट्टा

वरूड-मोर्शीकडच्या कोल्ड स्टोरेजलाही हेच लागू का? तिथे कंप्रेसर २४ तास.

रोटर

वर्गवारी बदलते. कोल्ड स्टोरेजमध्ये थंडावा हाच साठा असतो. दरवाजे बंद ठेवले तर चांगल्या इन्सुलेशनच्या खोलीचं तापमान तासाभरात फारसं चढत नाही. त्यामुळे बॅटरी कंट्रोल आणि आतल्या पंख्यांपुरती लहान ठेवा, कंप्रेसर डीजीवर. दुपारी सोलर भरपूर असताना खोली एक अंश जास्त थंड करून ठेवली तर संध्याकाळी कंप्रेसर कमी चालतो. कंप्रेसरला मात्र ड्राइव्ह हवाच, आणि बंद झाल्यावर पुन्हा सुरू करताना प्रेशर उतरायला लागणारा वेळ टायमरमध्ये ठेवा.

विटाळा

ऊन, धूळ आणि माती यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

विदर्भात मेमध्ये ४५ अंश म्हणजे नेहमीचं. टिनाच्या छतावर सोलर सेलचं तापमान ७० च्या घरात जातं. मोनो प्लेटची क्षमता २५ अंशावर मोजलेली असते आणि त्यावर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घटते. ४५ अंशांचा फरक म्हणजे १५-१६ टक्के गेले. टॉपकॉन या नव्या प्रकारच्या प्लेटांमध्ये ही घट थोडी कमी, ०.३० च्या आसपास. प्लेट आणि पत्रा यांत किमान वीतभर हवा खेळू द्या. वर्षाची सरासरी किलोवॅटमागे रोज ४ युनिट धरा. जुलै-ऑगस्टात अडीच-तीनवर येते.

१५० किलोवॅटला ५५० वॅटच्या २७३ प्लेटा लागतात. एकीचं वजन २८ किलोच्या आसपास, एकूण क्षेत्र सातशे चौरस मीटर. जुन्या शेडच्या कैच्यांची स्ट्रक्चरल तपासणी केल्याशिवाय चढवू नका. सिमेंटच्या पत्र्यावर तर मुळीच नाही. आणि माझं स्पष्ट मत : जिनिंग हॉल आणि रुईच्या गोदामावर प्लेटा नकोतच. छतावर डीसी केबलचा एखादा कनेक्टर सैल झाला की तिथे आर्क होतो, आणि डीसीचा आर्क एसीसारखा आपोआप विझत नाही. खाली रुईचा फुफाटा. जागा असेल तर जमिनीवर लावा, नसेल तर ऑफिस, वजनकाटा, पार्किंग शेड. हॉलवर लावावंच लागलं तर केबल बाहेरच्या भिंतीवरून जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपातून उतरवा, दोन्ही बाजूंचे कनेक्टर एकाच कंपनीचे घ्या आणि हंगामापूर्वी थर्मल कॅमेऱ्याने एकेक जोड तपासा. उघडी केबल उंदीर कुरतडतात आणि वानरं ओढतात, तेव्हा पाइप आणि झाकणाचा ट्रे दोन्ही हवेत.

जमिनीवर लावताना काळ्या मातीत दोन फुटांचा खड्डा करून काँक्रीट ओतलं तर दोन पावसाळ्यांत रांग वाकडी होते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, खांबाला वर ढकलते. पाया मुरमापर्यंत गेला पाहिजे. बॅटरी कंटेनरच्या ओट्यालाही तेच : काळी माती काढून मुरूम भरा, दाबा, मग काँक्रीट.

बॅटरीच्या एसीवर कंजूषी नको. एलएफपी सेलला २५ अंशांच्या आसपास बरं वाटतं. आत ४५ झाले की बीएमएस (बॅटरी सांभाळणारी यंत्रणा) करंट कमी करते, आणखी चढले तर पूर्ण बंद करते. वादळात लाईन जाते ती मे महिन्यात, म्हणजे बॅटरी हवी असते नेमकी तेव्हाच ती तापलेली. कंटेनरवर पत्र्याचं वेगळं छप्पर घाला, दार उत्तर किंवा पूर्वेला ठेवा, एसी एकाऐवजी दोन लावा आणि ते पहिल्या गटाच्या लोडवर जोडा. हा एसी साध्या लाईनवर जोडलेला असेल तर आयलँड झाल्यावर तासाभरात बॅटरी गरम होऊन बसते. कापसाच्या गंजीपासून कंटेनर निदान १५ मीटर दूर, वाऱ्याच्या दिशेला आडवा.

फिल्टर : हंगामात रुईचे बारीक तंतू इन्व्हर्टर आणि ड्राइव्हच्या पंख्यांच्या जाळीवर वाकळीसारखे बसतात. वरून धूळ दिसते, हात लावला तर थर सोलून निघतो. आठवड्यातून एकदा जाळी काढून झटका. पाण्याने धुतली तर पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. प्लेटा सकाळी आठच्या आत धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं क्षाराचं पाणी वाळल्यावर पांढरा थर सोडतं आणि तो पुढे खरवडूनही निघत नाही. प्लेटमागे दोन लिटर धरलं तर साडेपाचशे लिटर लागतं, एवढं पाणी सॉफ्टनरमधून घेणं परवडतं.

बिलवाचक

बिलाची बाजू. एचटी ग्राहकांना एप्रिल २०२० पासून महावितरण केव्हीएएच प्रमाणे, म्हणजे कामाची (किलोवॅट) आणि रिॲक्टिव्ह (मोटरींना चुंबकत्वासाठी लागणारी) वीज दोन्ही धरून, बिल आकारतं. त्यामुळे सोलर लावल्यावर एक धक्का बसतो, तो आकड्यात पाहा. लोड १५० किलोवॅट, पॉवर फॅक्टर ०.९, म्हणजे रिॲक्टिव्ह ७३. सोलरने ११० किलोवॅट दिले. लाईनवरून आता ४० किलोवॅट येतात, पण रिॲक्टिव्ह ७३ तसेच. लाईनवरची केव्हीए झाली ८३ आणि पॉवर फॅक्टर ०.४८. किलोवॅट ४० लागले, पैसे ८३ च्या हिशेबाने. म्हणून एपीएफसी पॅनलचा (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं पॅनल) सीटी (करंट मोजणारी कॉइल) लाईनच्या बाजूला घ्या, रिले चार-क्वाड्रंटचा (वीज दोन्ही दिशांना मोजणारा) घ्या, आणि सोलर इन्व्हर्टरकडून काही रिॲक्टिव्ह देण्याचं सेटिंग चालू करा. प्रस्तावात हे नसेल तर परतफेडीचा सगळा हिशेब खोटा ठरतो.

जिनिंगसाठी एक जमेची बाजू आहे. कापूस जिनिंग आणि प्रेसिंग हे महावितरणच्या दरपत्रकात हंगामी उद्योगाच्या वर्गात घेता येतात. नेट मीटरिंगची (लाईनवर दिलेल्या सोलर युनिटांच्या वळतीची) शिल्लक युनिटं आर्थिक वर्षाअखेर, ३१ मार्चला मिटवली जातात. तुमचा हंगाम ऑक्टोबरअखेर ते मार्च. म्हणजे एप्रिलपासून साचलेली युनिटं वर्ष संपायच्या आत वापरली जातात.  पण दिवसा साचलेली युनिटं संध्याकाळच्या महाग झोनमध्ये (दिवसाच्या वेळेनुसार दर वेगळे असतात) तशीच वळती होतील असं गृहीत धरू नका, झोननिहाय हिशेब होतो. संध्याकाळचा भाग बॅटरीने उचलायचा.

डिमांडकडेही बघा. हंगामात महिन्यातून एकदाच चढलेली डिमांडही त्या महिन्याच्या बिलात धरली जाते. प्रेस आणि मशीनच्या दोन्ही रांगा एकत्र चालतात त्या मिनिटांना बॅटरीने तीस-चाळीस किलोवॅट दिले तर ही उंची कापली जाते. बॅटरी फक्त लाईन गेल्यावर वापरली तर तिचा खर्च निघत नाही. रोजच्या कामाला लावली तरच निघतो.

कपाशीपट्टा

म्हणजे संध्याकाळी बॅटरी रिकामी केली आणि आठ वाजता लाईन गेली तर?

बिलवाचक

म्हणून राखीव पातळी ठेवायची. हंगामात ४० टक्क्यांखाली रोजच्या कामाला वापरायची नाही, २०० युनिटमध्ये ८० राखून. वर्तवलेलं वादळ असेल त्या दिवशी ८०-९० टक्क्यांवर धरून ठेवा. ईएमएसमध्ये (ऊर्जा नियंत्रण यंत्रणा) हे ऑपरेटरला एका बटणाने करता आलं पाहिजे.

मंगळवारचा बाजार

मंग डीजी विकाचा का नाई? त्या दुसऱ्या पुरवठादारानं तं ५०० युनिटची बॅटरी सांगतली.

डिझेल हिशेब

नाही. रात्री दहा तास लाईन नसेल तर ७० किलोवॅटने ७०० युनिट लागतात. ५०० युनिटची बॅटरीही सहा-सात तासांतच संपते. डीजी नसेल तर त्यापुढे काहीच नाही. डीजी ठेवा, पण नीट चालवा.

२०० किलोवॅटचा डीजी ७० किलोवॅटवर, म्हणजे ३५ टक्क्यांवर चालवला तर लिटरमागे तीनच्या आसपास युनिट मिळतात. डिझेल ९० रुपये धरलं तर युनिट ३० रुपयांना. तासन् तास कमी लोडवर ठेवला तर न जळालेलं डिझेल एक्झॉस्टमध्ये साचतं, काळं तेल टपकायला लागतं, इंजिन लवकर उघडावं लागतं. त्याऐवजी तो १५० किलोवॅटवर चालवा : लोड ७०, उरलेले ८० बॅटरीत. लिटरमागे साडेतीन युनिट, इंजिन खूश. दीड-पावणेदोन तास चालवून बंद, पुढे बॅटरी. दहा तासांत डीजीचे तास निम्म्याखाली येतात.

डीजीसोबत सोलर चालत असेल तर डीजीचा किमान लोड ३० टक्के, इथे ६० किलोवॅट, राखायचा. म्हणजे एकूण लोड ११० असेल आणि बॅटरी भरलेली असेल तर सोलरला ५० वरच बांधावं लागतं. तो कंट्रोलर आणि डीजीवर रिव्हर्स पॉवर रिले (डीजीत उलटी वीज शिरू न देणारा), दोन्ही हवेत. नवा डीजी घ्यायची वेळ आली तर ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या डीजीला जुलै २०२३ पासून सीपीसीबी-४ प्लस हे धुराचे निकष लागू आहेत, जुन्या मॉडेलचा नवा म्हणून दिलेला माल घेऊ नका.

तिरोडा राइस

आमच्याकडे भंडारा-गोंदियात धानाचा कोंडा (साळीचं तूस) आहे, तुमच्याकडे पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं). गॅसिफायर (काडीकचऱ्यापासून जळाऊ गॅस काढणारं यंत्र) लावून डीजी त्यावर चालवायचा विचार कितपत बरा?

विटाळा

कोंड्याचं जमतं, कारण तो मिलमध्येच कोरडा आणि एकसारखा मिळतो. धानाच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आसपास. एका युनिटला साधारण दीड किलो लागतो. अडतं ते डांबराशी. गॅस नीट धुतला नाही तर इंजिनच्या व्हॉल्व्हवर टार बसतो, आणि धुतला तर काळं पाणी कुठे सोडायचं हा प्रश्न. रोज फिल्टर साफ करणारा माणूस नसेल तर लावू नका. उसना (उकडा) तांदूळ काढणाऱ्या मिलने कोंडा आधी बॉयलरला द्यावा.

पऱ्हाटीचं आणखी अवघड. तुकडे करणं, २० टक्क्यांखाली वाळवणं, साठवणं, तिन्ही आलं. पण मुख्य अडचण शेतीची आहे. पऱ्हाटीच्या गंजीत न फुटलेली बोंडं राहतात आणि त्यात गुलाबी बोंडअळीच्या सुप्त अळ्या पुढच्या हंगामापर्यंत टिकतात. २०१७ मध्ये या अळीने विदर्भात कपाशीचं केवढं नुकसान केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. साठवायचीच असेल तर मार्चच्या आत बारीक तुकडे करून ठेवा. उभी गंजी जिनिंगच्या आवारात नकोच.

कपाशीपट्टा

बरंच स्पष्ट झालं. आता शेवटचं : कमिशनिंगच्या वेळी स्वतः काय तपासून घ्यायचं?

अर्थिंग पहिले

दसऱ्याच्या आधी, कापूस यायच्या आत करा. विद्युत निरीक्षकांची परवानगी आणि महावितरणची जोडणीची मंजुरी हातात आल्यावर.

आधी लाईन असताना मुख्य ब्रेकर हाताने उघडा, फक्त पहिला गट चालू. काँप्युटर बंद पडला की नाही, किती मिलिसेकंद गेले ते ईएमएसच्या नोंदीत बघा. मग मशीनची एक रांग चढवून तेच. मग सोलर पूर्ण जोरात असताना आणि बॅटरी ९५ टक्के भरलेली असताना लोड एकदम काढा. ही चाचणी बहुतेक जण टाळतात. जास्तीची वीज जायला जागा नसते तेव्हा सोलर आवळलं पाहिजे. काही यंत्रणा फ्रिक्वेन्सी वाढवून सोलरला इशारा देतात; पण आपल्याकडे ऑन-ग्रिड इन्व्हर्टर ५०.५ हर्ट्झला सुटण्यासाठी सेट केलेले असतात, म्हणजे ते आवळण्याऐवजी पूर्ण बंद होतात. त्यामुळे मॉडबस (यंत्रांत संदेश नेणाऱ्या) केबलवरून थेट मर्यादा घालणारी पद्धत घ्या.

नंतर सगळं पूर्ण बंद करून ब्लॅक स्टार्ट. इन्व्हर्टरने व्होल्टेज शून्यापासून हळूहळू चढवलं पाहिजे. आयलँडमध्ये कुठे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असेल तर एकदम ४१५ दिल्यास त्याचा इनरश (सुरुवातीचा मोठा करंट) इन्व्हर्टरला बसवतो. शेवटी लाईन परत आल्यावर सिंक्रोनायझिंग : व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि फेज अँगल जुळल्याशिवाय ब्रेकर लागता कामा नये, आणि लाईन स्थिर राहिल्याची किमान पाच मिनिटं वाट पाहिली पाहिजे. ग्रामीण फीडर चार्ज करताना तो दोन-तीनदा सुटतो, घाई केली की तुमचा ब्रेकर तितक्यांदा उघडमिट करतो. लाईनवर मोठं काम झालं असेल तर फेजचा क्रमही तपासला जाऊ द्या. क्रम उलटा आला तर सक्शन पंखे आणि कन्व्हेयर उलटे फिरतात.

महावितरणच्या बाजूचा, कुलूप लावता येणारा, उघडलेला डोळ्यांना दिसणारा आयसोलेटर जागेवर आहे का ते बघा. त्याची किल्ली लाईनमनला मिळाली पाहिजे, रात्रीसुद्धा.

रोटर

यात एक भर. पैशाचा शेवटचा हप्ता देण्याआधी ईएमएस, इन्व्हर्टर आणि रिले यांचे ॲडमिन पासवर्ड, सगळ्या सेटिंगच्या फाइली आणि जसं बसवलं तसं काढलेलं सिंगल लाईन ड्रॉइंग (सगळ्या वीजजोडणीचा नकाशा) ताब्यात घ्या. स्पेअरमध्ये मुख्य ब्रेकरची ट्रिप कॉइल, न्यूट्रल कॉन्टॅक्टर, २४ व्होल्टचा कंट्रोल पॉवर सप्लाय, एसीचा फॅन मोटर आणि एसी-डीसी दोन्ही बाजूंची सर्ज प्रोटेक्शनची (विजेच्या झटक्यापासून वाचवणारी) कार्ट्रिजं. विजेच्या वादळानंतर त्या कार्ट्रिजांची खिडकी हिरवीची लाल झालीय का ते त्याच दिवशी बघा. नागपूरहून माणूस येईपर्यंत दुसरं वादळ येऊन गेलेलं असतं.

कपाशीपट्टा

दोन्ही पुरवठादारांना प्रश्नावली पाठवतोय : आयलँडमधला शॉर्ट सर्किट करंट, न्यूट्रल कॉन्टॅक्टर, राखीव पातळीचं बटण, केव्हीएएचवर काढलेली परतफेड, बॅटरीच्या एसीचा पुरवठा कुठून. उत्तरं आली की इथेच टाकतो.